बी.एस्सी. बायोलॉजी: क्रेडिट, जर्नल आणि कॉलेजमागचा ओढा

मेडिकलची 'नीट' परीक्षा थोडक्यात हुकली, फार्मसीची फी झेपणार नव्हती, मग राहिलं बी.एस्सी. एफ.वाय.च्या वर्गात पहिल्या आठवड्यात ओळख करून देताना अशी वाक्यं दरवर्षी ऐकतो. मी स्वतः याच वाटेनं आलो. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं, पुढे एम.एस्सी. केलं आणि आता तासिका तत्त्वावर शिकवतो. मार्क कुठे गळतात आणि फील्ड प्रोजेक्ट कुठे फसतो हे मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. ते क्रमानं सांगतो. बॉटनी असो की झुऑलॉजी, बहुतेक गोष्टी दोन्हीकडे चालतील.

आधी क्रेडिटचा हिशेब

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एका सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. ग्रेड दहाच्या पट्टीवर मिळते: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे शून्य. प्रत्येक विषयाचं क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्याची बेरीज आणि भागिले एकूण क्रेडिट, की आला एसजीपीए, म्हणजे त्या सत्राची सरासरी.

एक उदाहरण मांडू. बॉटनी थिअरी ४ क्रेडिट, मिळाली ए, झाले ३२. बॉटनी प्रॅक्टिकल २ क्रेडिट, ए प्लस, १८. झुऑलॉजी थिअरी ४, बी प्लस, २८. तिचं प्रॅक्टिकल २, ए, १६. इंग्रजी २, ओ, २०. पर्यावरण २, बी, १२. भारतीय ज्ञानप्रणाली २, सी, १०. राहिलं ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय. ते कॉमर्सवाल्यांकडचं, तासाला कोण बसतं? ४ क्रेडिट, जेमतेम पी, १६. बेरीज १५२, भागिले २२, म्हणजे ६.९१.

आता बॉटनी प्रॅक्टिकलमध्ये जीव तोडून ए प्लसचं ओ केलंत तर बेरीज दोननं वाढते आणि एसजीपीए सातला टेकतो. त्याच ओपन इलेक्टिव्हमध्ये पीऐवजी ए काढलीत तर बेरीज सोळानं वाढते आणि आकडा ७.६४ वर जातो. 'आपला' विषय नाही म्हणून सोडलेला पेपर असा महागात पडतो. सत्र सुरू झालं की पहिल्याच दिवशी क्रेडिटची रचना वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. विषयांची नावं आणि वाटणी विद्यापीठागणिक बदलते, त्यामुळे वरच्या वर्गातल्या दादा-ताईंच्या जुन्या माहितीवर विसंबू नका.

चौथं वर्ष करून 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं मनात असेल, तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट आहे. म्हणजे टी.वाय.ला जागं होऊन भागत नाही. एटीकेटी लागली, म्हणजे एखादा विषय राहूनही वरच्या वर्गात गेलात, तर ती लगेच पुढच्या संधीला काढा. विषय शिळा झाला की सुटत नाही.

जर्नल, सेक्शन आणि स्पॉटिंग

जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी शेवटच्या आठवड्यात विभागाबाहेर रांग असतेच. प्रॅक्टिकल झालं त्याच दिवशी आकृती काढा. एचबी पेन्सिल, टोकदार, एका रेषेत. शेडिंग करू नका, गरज लागली तर ठिपके द्या. नावं उजव्या बाजूला, एकाखाली एक. शास्त्रीय नाव हातानं लिहिताना प्रजाती आणि जाती या दोन शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारायची, सलग नाही. या एका रेघेवरून परीक्षक ओळखतो की मूल वर्गात होतं की नव्हतं.

एफ.वाय.ला सगळ्यात जास्त रडवतो तो खोडाचा आडवा छेद, म्हणजे टी.एस. खोडाचा तुकडा बटाट्याच्या किंवा गाजराच्या फोडीत धरा. ब्लेड नवं हवं आणि पात्याला पाणी लावलेलं हवं. ब्लेड स्वतःकडे एका ओढीत आणायचं, करवतीसारखं मागे-पुढे नाही. पाच छेद घेऊन थांबू नका, चाळीस घ्या. वॉच ग्लासमधल्या पाण्यात सगळे सोडा आणि जो जवळजवळ दिसतच नाही तो ब्रशनं उचला. पूर्ण गोल असण्याचा हट्ट नको, पातळ चंद्रकोर जाड वर्तुळापेक्षा बरी. सॅफ्रानिन या लाल रंगात दोन-तीन मिनिटं, मग पाण्यानं धुवा, ग्लिसरीनचा एक थेंब, आणि कव्हर स्लिप एका कडेवर टेकवून तिरकी सोडा. सपाट टाकलीत की बुडबुडे आलेच. पहिल्यांदा बुडबुडा बघून 'पेशी दिसली' म्हणून ओरडणारं एक तरी मूल प्रत्येक बॅचमध्ये असतं. माझ्या बॅचमध्ये ते मीच होतो.

लॅबमधल्या मामांशी, म्हणजे लॅब अटेंडंटशी, नीट वागा. कुठला मायक्रोस्कोप खरंच फोकस होतो आणि कुठला नुसता शोभेला आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

स्पॉटिंग म्हणजे टेबलांवर मांडलेले नमुने ओळखायचे. घंटा वाजली की पुढे सरकायचं. एका स्पॉटला दोन-तीन मिनिटं मिळतात. ओळख, वर्गीकरण आणि दोन कारणं, या क्रमानं लिहा. नाव आठवलं नाही तरी जे दिसतंय ते लिहा, त्याचे मार्क मिळतात. झुऑलॉजीवाल्यांसाठी एक गोष्ट: पदवीच्या वर्गात बेडूक-झुरळ कापणं आता होत नाही. २०१४ मध्ये यूजीसीनं प्राण्यांची चिरफाड थांबवली. आता चार्ट, मॉडेल आणि संगणकावरच्या आकृत्या असतात. त्यामुळे स्पॉट पाठ करण्यापेक्षा जिवंत प्राणी बाहेर बघणं जास्त कामाला येतं.

विषय निवडताना पंचांग बघा

आता फील्ड प्रोजेक्टकडे. बऱ्याच ठिकाणी तो २ क्रेडिटचा, म्हणजे हिशेबानं ६० तासांचा असतो. मुलं काय करतात? 'पश्चिम घाटातील औषधी वनस्पतींचा अभ्यास' असा विषय घेतात. साठ तासांत पश्चिम घाट! दोन शनिवार गाडी काढून कासला जातात, फोटो काढतात आणि बाकीचं इंटरनेटवरून उतरवतात. कास बघायला जरूर जा. तो सडा, म्हणजे खडकाळ पठार, २०१२ पासून पश्चिम घाटातल्या ३९ जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे. पण प्रोजेक्टला ज्या जागी तुम्ही आठ वेळा जाऊ शकता, तीच जागा घ्या. चालत जाता आली तर उत्तम.

दुसरी चूक ऋतूची. आपली सत्रं आणि आपला निसर्ग यांचं जमत नाही. सड्यावरची, माळावरची फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलतात आणि गवतांना तुरे येतात तेव्हा तुमची परीक्षा आलेली असते. म्हणून विषम सत्रात माळावरच्या झाडोऱ्याचा विषय घेतलात तर जुलैच्या शेवटी कामाला लागा. दिवाळीनंतर तिथे फक्त वाळकं गवत असतं. सम सत्रात प्रोजेक्ट आला तर रोपट्यांचा नाद सोडा आणि झाडांकडे वळा. जानेवारी ते मार्च काटेसावर, पांगारा, पळस फुलतात. एका काटेसावरीखाली सकाळी साडेसहा ते साडेदहा बसा. दर तासातली ठरलेली पंधरा मिनिटं मोजा: कोणता पक्षी आला, किती फुलांवर गेला, परागकोशांना त्याचा स्पर्श झाला की नुसतं फूल फाडून गेला. साळुंकी, कोतवाल, शिंजीर, कावळा येतातच. पळसाखाली बसलात तर भोरड्यांचा थवा उतरलेला दिसेल. त्यांना पळसमैना उगाच म्हणत नाहीत. आठ सकाळी असं बसलात तर तुमच्याकडे खरी माहिती जमते, आणि पेट्रोलही लागत नाही.

विषय एका प्रश्नात मांडता आला पाहिजे. 'गाजर गवताचा अभ्यास' हा प्रश्न नाही. 'रस्त्याच्या कडेपासून २ मीटरवर आणि २० मीटरवर गाजर गवत सारखंच दाट आहे का?' हा प्रश्न आहे. पुढचं सगळं मी याच उदाहरणावर सांगतो, कारण हे गवत तुमच्या कॉलेजच्या मागे नक्की आहे. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरलं. ते परदेशी गव्हाबरोबर आलं असं सांगतात. लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात.

जागा आणि परवानगी

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात संशोधन करायचं तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. तो अर्ज नागपूरला वन्यजीव विभागाच्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांकडे जातो. तुमचं सत्र संपेल, कागद फिरत राहील. म्हणून पदवीच्या प्रोजेक्टला कॉलेजचं आवार, गावचा माळ, ओढा, एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध घ्या. मालकाला आधी जाऊन भेटा. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र खिशात ठेवा, कारण हातात टेप आणि वही घेऊन शिवारात फिरणारी पोरं दिसली की लोकांना वाटतं जमिनीची मोजणी आली.

देवराईत काम करणार असाल तर गावकऱ्यांना, पुजाऱ्याला विचारल्याशिवाय पान तोडू नका. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर मूलभूत काम केलं. त्या टिकल्यात गावानं पाळलेल्या नेमांमुळे. काही ठिकाणी चप्पल बाहेर काढावी लागते. काढा.

चौकोन टाकण्याची रीत

याला क्वाड्रॅट म्हणतात. रोपट्यांसाठी १ × १ मीटर, झुडपांसाठी ५ × ५ आणि झाडांसाठी १० × १० मीटर असा सर्वसाधारण प्रघात आहे. गाजर गवताला एक मीटरचा पुरतो. विद्युत पाइपचे चार तुकडे आणि चार कोपरे, किंवा चार खुंट्या आणि सुतळी. दोन्ही चालतं.

चौकोन कुठे टाकायचा हा खरा मुद्दा. पाठमोरं उभं राहून खांद्यावरून फेकतात तशी पद्धत सर्रास दिसते. ती रँडम नाही. माणूस नकळत मोकळ्या जागेकडेच फेकतो, काट्यात कोण जाणार आहे आणायला! त्यापेक्षा रस्त्याला समांतर १०० मीटरची दोरी टाका. मोबाइलवर १ ते १०० मधले २० आकडे यादृच्छिक काढा, घरूनच काढून वहीत लिहून न्या. दोरीवरच्या त्या त्या मीटरला एक चौकोन कडेपासून २ मीटरवर, दुसरा २० मीटरवर. आकडा बाभळीच्या बुंध्यात गेला तर 'बाभूळ, वगळला' असं लिहा आणि पुढचा घ्या. गुपचूप सरकवू नका.

मोजताना मूळ आत असेल तर झाड आत. बाहेरून वाकून आलेलं पान मोजायचं नाही. मूळ नेमकं रेषेवर असेल तर डावी आणि खालची बाजू आत धरा, उरलेल्या दोन बाहेर. हा नियम पहिल्या दिवशी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. हरळीसारखी पसरणारी गवतं एक एक मोजता येत नाहीत. तिथे किती टक्के जमीन झाकली आहे ते लिहा.

समजा २० चौकोनांपैकी १४ चौकोनांत टाकळा हे तण सापडलं आणि एकूण १२६ रोपं निघाली. वारंवारता १४ भागिले २०, म्हणजे ७० टक्के. घनता १२६ भागिले २०, म्हणजे चौरस मीटरला ६.३. विपुलता १२६ भागिले १४, म्हणजे ९. घनता आणि विपुलता यात मुलं हमखास गोंधळतात. घनतेत रिकामे चौकोनही भागाकारात येतात, विपुलतेत फक्त भरलेले. व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न येतोच.

चौकोन किती पुरेत? प्रत्येक चौकोनानंतर आतापर्यंत किती वेगवेगळ्या जाती मिळाल्या ते लिहीत चला. शेवटच्या चार-पाच चौकोनांत नवं काहीच निघत नसेल तर जागा बऱ्यापैकी समजली. एकदांडी, केना, आघाडा, कुरडू, टाकळा आणि गाजर गवत एवढ्यावर मोजणी स्थिरावली तर निराश होऊ नका. तोच तुमचा निष्कर्ष.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालाच. गाजर गवतानं बऱ्याच जणांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं. पावसाळ्यात त्याच्या पानांवर फिकट रंगाचे, काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगेरे दिसतील. ते मेक्सिकन भुंगेरे. १९८०च्या दशकात हे गवत खाण्यासाठीच आपल्याकडे सोडले. चौकोनागणिक भुंगेरेही मोजलेत तर दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय आयता तयार.

नोंदवही

माझा टी.वाय.चा प्रोजेक्ट ओढ्याकाठच्या झाडोऱ्यावर होता. नवी कोरी वही, जेल पेन, सुवाच्य अक्षर. ऑगस्टमधल्या एका दुपारी पाऊस आला आणि तीन दिवसांचे आकडे निळ्या डागांत गेले. सरांनी वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली आणि म्हणाले, "चित्रकला छान आहे." परत सगळं मोजावं लागलं, आणि तोवर केना सुकायला लागला होता.

म्हणून पेन्सिलच. वही पुठ्ठ्याची, खिशात मावेल अशी, प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, हवामान, जागा, सोबत कोण. शक्य असेल तर मोबाइलवरून अक्षांश-रेखांश. चुकलं तर खोडरबर नको, एक आडवी रेघ मारून शेजारी लिहा. 'काही दिसलं नाही' हीही नोंद असते, शून्य लिहा. रिकामी जागा म्हणजे मोजलंच नाही असा अर्थ होतो. घरी आल्यावर त्याच रात्री पानाचा फोटो काढा आणि आकडे एक्सेलमध्ये चढवा. उद्यावर टाकलंत की '७' आहे की '१' हे तुमचं तुम्हालाही कळत नाही.

स्थानिक नावं विचारून लिहा, पण कुणाकडून ऐकलं तेही लिहा. एकाच झाडाला दोन गावांत दोन नावं असतात आणि एकच नाव दोन झाडांनाही असतं. शेळ्या राखणाऱ्या आजींना जे माहीत असतं ते ॲपला माहीत नसतं. शेळी काय खात नाही हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. आय-नॅचरलिस्ट, ई-बर्ड वापरा, मदत होते. पण ॲपनं सुचवलेलं नाव म्हणजे ओळख पटली असं नाही. फूल फोडून, पाकळ्या-पुंकेसर मोजून, फ्लोरातल्या, म्हणजे त्या भागातल्या वनस्पतींच्या वर्णनाच्या पुस्तकातल्या, किल्लीनं नाव जुळवा.

नमुने

सगळंच उपटत सुटू नका. ती जात त्या जागी विसाच्या आसपासही नसेल तर फोटोवर भागवा. कंदीलपुष्पासारखं दुर्मीळ काही दिसलं तर हातही लावू नका. नमुना घेताना फूल-फळ असलेली फांदी घ्या, एक पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल. वर्तमानपत्रात दाबा आणि पहिल्या दिवसांत कागद रोज बदला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. घरात बुरशीचा वास सुटला म्हणून आई ओरडेल, तेव्हा समजा कागद बदलायला उशीर झाला. वाळलेला नमुना चिकटवायचा कागद, म्हणजे हर्बेरियम शीट, साधारण ४२ × २९ सेंटिमीटरचा. लेबलवर नाव, कुळ, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. हाच क्रमांक नोंदवहीत हवा. लेबल नसलेला नमुना म्हणजे पालापाचोळा. कपाटातल्या जुन्या शीटना लावलेला हात तसाच तोंडाला नेऊ नका, त्यांच्यावर पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडसारखी विषारी रसायनं लावत.

नाव अडलं तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं. प्राण्यांसाठी आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन, आधी कळवून जा. पन्नास नमुने एकदम नेऊ नका. अडलेले तीन-चारच न्या.

साप, गोचीड आणि वीज यांचं थोडक्यात: पायात घोट्यापर्यंतचे बूट, हातात काठी, एकटं जायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखता यावेत. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं नाही. अवयव हलवू नका, १०८ ला फोन करा. गुरं चरणाऱ्या माळावरून आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागे गोचीड बघा. ढग गडगडले की माळ सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका.

रिपोर्ट आणि व्हायवा

वीस पानं पुरेत. पहिली दहा पानं 'जैवविविधतेचे महत्त्व' यावर घालवू नका, ती कुणी वाचत नाही. प्रश्न, जागेचा हातानं काढलेला नकाशा, पद्धत, तक्ता, एक आलेख, काय दिसलं, काय चुकलं. २ मीटरवरची सरासरी १४ आणि २० मीटरवरची ६ आली, तर शेजारी स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते) द्या आणि जमलं तर टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांमधला फरक योगायोगाचा आहे का, हे तपासणारी चाचणी) करा. मॅडम विचारणारच, "हा फरक खरा कशावरून?" 'पाण्याचा निचरा', 'गाड्यांच्या चाकांबरोबर आलेलं बी' अशी कारणं सुचवा, पण ती तुम्ही तपासलेली नाहीत हेही लिहा.

मजकूर ॲपकडून लिहून घेतलेला असेल तर तो पहिल्या तीन प्रश्नांत उघडा पडतो. मी परीक्षक म्हणून बसतो तेव्हा छापील रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि नोंदवही मागतो. मग मधलंच एक पान उघडून विचारतो, त्या दिवशी अकराव्या चौकोनात शून्य का? जो गेला होता तो लगेच सांगतो: तिथे म्हैस बसली होती, सर.

सबमिशनच्या आधी नोंदवहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. जमा झालेल्या वह्या दोन-तीन वर्षं विभागाच्या कपाटावर असतात, मग रद्दीत जातात. सापडलेल्या वनस्पतींच्या यादीची एक झेरॉक्स जमीनमालकालाही द्या. पुढच्या वर्षीच्या बॅचला त्याच बांधावर जायचं असतं.